फुटाचा भाव चौकात ठरत नाही

धाराशिव (उस्मानाबाद) जिल्ह्यात रंगकामाचे ठेके घेणाऱ्या आपल्या कारागीर बांधवांची एक तक्रार नेहमी ऐकू येते. दसऱ्यापासून मे अखेरपर्यंत ब्रश हातातून सुटत नाही, माणसे कमी पडतात, एक काम संपण्याआधी दुसऱ्याचा निरोप येतो. आणि पावसाळा लागला की रंगाच्या दुकानदाराची उधारी तेवढी शिल्लक राहते. याचा दोष कुणी नशिबाला देतो, कुणी गिऱ्हाइकाला, तर कुणी परगावाहून आलेल्या स्वस्त कारागिरांना. आमच्या मते खरे कारण याहून जवळ आहे. आपण काम मोजून भाव सांगत नाही. चौकात जो भाव ऐकला तोच सांगतो, आणि मग त्या भावात काम बसवण्यासाठी धडपडतो.

घराच्या रंगकामात ही सवय एकवेळ निभावून जाते. काम लहान असते, घरमालक ओळखीचा असतो, चार दिवस पुढेमागे झाले तरी कुणी बिल कापत नाही. परंतु आता जिल्ह्यात काम वाढले आहे ते व्यापारी जागांचे. शहरातील व्यापारी संकुलांचे गाळे, तुळजापूरचे लॉज, सोलापूर-हैदराबाद रस्त्यावर नळदुर्ग-उमरग्याकडची हॉटेले, खाजगी दवाखाने, शिकवणी वर्ग, बँकांच्या शाखा, मंगल कार्यालये. या कामांत रक्कम मोठी असते, म्हणून ती हवीशी वाटतात. पण ज्याला भाव काढता येत नाही त्याला मोठे काम मोठ्या खड्ड्यात घालते, हे लक्षात घेतले पाहिजे.

दुकान म्हणजे घर नव्हे

व्यापारी जागेत चालू धंद्याचा विचार करावा लागतो. कापड दुकानदार दिवसा दुकान बंद ठेवणार नाही, तेव्हा काम रात्री दुकान बंद झाल्यावर सुरू होते. रोज माल सरकवायचा, झाकायचा आणि सकाळी उघडण्याआधी जागा झाडून द्यायची. दवाखान्यात धूळ चालत नाही. हॉटेलच्या भटारखान्यालगतच्या भिंतीवर तेलकट धूर बसलेला असतो. तो धुऊन काढल्याशिवाय कोणताही रंग धरत नाही. तुळजापूरच्या लॉजवाल्याला शारदीय नवरात्रापूर्वी सगळ्या खोल्या हव्या असतात. घटस्थापनेनंतर तयार झालेली खोली त्याच्या काय कामाची? म्हणजे तेथे मुदत हीसुद्धा कामाचा भाग आहे, आणि मुदत पाळायला जास्त माणसे एकदम लावावी लागतात. छत उंच असेल तर शिडीने भागत नाही, परांची बांधावी लागते.

ही प्रत्येक गोष्ट हजेरी खाते. चौकातल्या भावात यातले काहीच धरलेले नसते, कारण तो भाव कुणीतरी कधीतरी एखाद्या रिकाम्या घरासाठी घेतलेला असतो.

माप आधी, भाव नंतर

आपल्याकडे रंगकाम चौरस फुटावर किंवा ब्रासवर चालते. शंभर चौरस फुटांचा एक ब्रास. मोजणीवरून होणारे भांडण टाळायचे असेल तर मोजायची रीत काम सुरू होण्याआधी कागदावर आली पाहिजे. सरकारी कामांत भारतीय मानक १२०० ही मापाची पद्धत वापरतात. तीनुसार अर्ध्या चौरस मीटरपर्यंतच्या, म्हणजे साधारण सव्वापाच फुटांपर्यंतच्या मोकळ्या जागेची वजावट होत नाही. तीन चौरस मीटरहून मोठ्या जागेची वजावट पूर्ण होते, मात्र तिच्या कडा वेगळ्या मोजल्या जातात. दारे आणि जाळ्यांना सपाट मापावर गुणक लागतो. तावदानाच्या म्हणजे पॅनेलच्या दाराला १.३, शटरला १.१, सरकत्या जाळीच्या फाटकाला १.५. हे गुणक कुणी ठेकेदाराच्या सोयीसाठी केलेले नाहीत. त्या वस्तूला रंग आणि हात तेवढे जास्त लागतात म्हणून ते आहेत. आपले कितीतरी बांधव जाळीचे फाटक सपाट मापाने मोजून देतात आणि एक तृतीयांश काम फुकट करतात.

उलट बाजूही तितकीच खरी. शटरची मोठी मोकळी जागा भिंत म्हणून मोजणे, किंवा गिऱ्हाइकाला टेप धरायला न बोलावता आकडा सांगणे, हे मापात पाप आहे. माप दोघांनी मिळून घ्यावे आणि त्या कागदावर दोघांच्या सह्या असाव्यात.

एका दुकानाचा हिशोब

आता एक उदाहरण घेऊ. यातील भाव आणि मजुरी समजण्यासाठी धरलेली आहे. वाचकांनी आपल्या गावचे आजचे आकडे घालून हाच हिशोब पुन्हा करावा.

दुकान ४० फूट लांब, २५ फूट रुंद, ११ फूट उंच. चारही भिंतींची लांबी १३० फूट, म्हणजे भिंती १,४३० चौरस फूट. शटरची मोकळी जागा १२ बाय ९, म्हणजे १०८ फूट वजा. तिच्या नऊ इंची कडा साडेबावीस फूट अधिक. छत १,००० फूट. एकूण सुमारे २,३४५ चौरस फूट. काम असे: जुना रंग खरवडणे, लांबीचे दोन हात, घासणे, प्राइमरचा एक हात, प्लास्टिक इमल्शनचे दोन हात.

आधी माल. लांबी किलोला १२ फूट धरली तर ४० किलोच्या ५ गोण्या, ९०० रुपयांप्रमाणे ४,५०० रुपये. प्राइमर २४ लिटर, १२० रुपयांप्रमाणे २,८८० रुपये. इमल्शन दोन हातांना लिटरमागे १०० फूट धरून २४ लिटर, २६० रुपयांप्रमाणे ६,२४० रुपये. पॉलिश पेपर, रोलर, ब्रश, चिकटपट्टी आणि झाकायचे प्लास्टिक १,५०० रुपये. बेरीज १५,१२० रुपये. सांडलवंड पाच टक्के धरली की माल १५,८७६ रुपयांचा झाला. डब्यावर लिहिलेला फुटांचा आकडा गुळगुळीत भिंतीचा असतो. आपल्या भिंती तशा नसतात, म्हणून वर तो कमीच धरला आहे.

मग मजुरी. खरवडणे आणि भेगा बुजवणे ३ हजेऱ्या, लांबीचे दोन हात साडेतेरा, घासणे ३, प्राइमर ३, इमल्शन ७, माल सरकवणे-झाकणे २, शेवटची डागडुजी दीड. एकूण ३३ हजेऱ्या. त्यांतील २२ मिस्त्रीच्या ८०० रुपयांप्रमाणे आणि ११ मदतनिसाच्या ५५० रुपयांप्रमाणे. मजुरी २३,६५० रुपये. परांचीचे भाडे, वाहतूक आणि चहापाणी २,५०० रुपये. ठेकेदार स्वतः सहा दिवस उभा राहणार, त्याचे ९०० रुपयांप्रमाणे ५,४०० रुपये.

हे सगळे मिळून खर्च झाला ४७,४२६ रुपये. त्यावर नफा आणि वरखर्च १५ टक्के, म्हणजे ७,११४ रुपये. एकूण ५४,५४० रुपये. फुटाला भाव पडला सव्वातेवीस रुपये.

आता समजा दुकानदार म्हणाला, "चाचा, चौकात अठरा रुपये फूट चालू आहे," आणि आपण मान डोलावली. अठराने बिल होते ४२,२१० रुपये. माल, मजुरी आणि परांची-वाहतूक यांचे ४२,०२६ रुपये त्यातून गेले. हाती राहिले १८४ रुपये. सहा दिवसांची स्वतःची मेहनत, फोनाफोनी, गाडीचे पेट्रोल, पुढच्या महिन्यात निघणाऱ्या टचअपची जोखीम, या सगळ्याचा मोबदला १८४ रुपये. रात्रीच्या कामामुळे पाच हजेऱ्या जास्त लागल्या, आणि त्या लागतातच, तर आणखी साडेतीन हजार रुपये खिशातून जातात. नफा कमी झाला असे म्हणणेसुद्धा येथे चुकीचे ठरेल. ठेकेदाराने पदरचे पैसे घालून दुसऱ्याचे दुकान रंगवून दिले, असाच त्याचा अर्थ होतो.

नफा मागण्यात लाज कसली?

आपल्यातील पुष्कळांना नफ्याची ओळ लिहिताना संकोच वाटतो. गिऱ्हाईक म्हणेल, माल एवढ्याचा आणि मजुरी एवढी, मग वरचे कशाचे? त्यांनी एक गोष्ट जाणून घ्यावी. केंद्रीय सार्वजनिक बांधकाम विभाग आपले दर बसवताना माल आणि मजुरीच्या खर्चावर ठेकेदाराचा नफा व वरखर्च म्हणून १५ टक्के धरतो. सरकारला जे रास्त वाटते ते आपण चोरून किंवा लपवून का मागावे? या रकमेतूनच शिड्या नव्या होतात, बुडीत बाकी भरून निघते आणि पावसाळ्याच्या रिकाम्या दिवसांत चूल पेटते.

यावर एक आक्षेप येतो आणि तो उडवून लावण्यासारखा नाही. बांधव म्हणतात, "आम्ही सव्वातेवीस सांगू, पण शेजारचा अठराने काम घेऊन जाईल. मग बसायचे का?" काही कामे हातची जातील, हे आम्हाला मान्य आहे. परंतु अठराने घेतलेल्या कामाने घरात काय आले हे वर पाहिलेच आहे. त्या आठ-दहा दिवसांत दुसऱ्याकडे हजेरीवर गेलेला मिस्त्रीसुद्धा त्यापेक्षा जास्त घेऊन आला असता. आणि काम टिकवायचेच असेल तर भाव पाडण्याऐवजी काम कमी करावे. लांबीचे दोन हात परवडत नसतील तर फक्त खराब जागी लांबी भरू, छताला इमल्शनऐवजी डिस्टेंपर लावू, माल सरकवण्याचे काम दुकानातील पोरांनी करावे, असे पर्याय भावासह लिहून द्यावेत. पुष्कळसे गिऱ्हाईक स्वस्ताच्या मागे नसते. आपण कशाचे पैसे देत आहोत हे त्याला कुणी नीट सांगितलेले नसते, एवढेच.

पाडलेल्या भावाची भरपाई कोण करते?

भाव पाडला की तूट कुठून तरी भरून निघावी लागते. पहिला बळी मालाचा. इमल्शनमध्ये पाणी वाढते, प्राइमरचा हात गाळला जातो, ठरलेल्या डब्याऐवजी हलका डबा येतो. सहा महिन्यांनी पोपडे सुटतात आणि दुकानदार साऱ्या बाजारात नाव घेऊन सांगतो. दुसरा बळी मजुराचा. त्याची शनिवारची हजेरी सोमवारवर जाते, उंचीवर काम करताना पट्टा आणि धड शिडी मिळत नाही. रंगाऱ्याच्या घरातील कर्ता माणूस परांचीवरून पडला तर पुढे त्या घराचे काय होते, हे कुणाला सांगायला नको.

येथे एक काम ठेकेदाराच्या हातात आहे आणि त्याला पैसा लागत नाही. १९९६ च्या कायद्याने स्थापन झालेल्या महाराष्ट्र इमारत व इतर बांधकाम कामगार कल्याणकारी मंडळात १८ ते ६० वर्षांच्या कामगारांची नोंदणी होते. त्यासाठी मागील वर्षात ९० दिवस बांधकामावर काम केल्याचा दाखला लागतो. आपल्याकडे राबलेल्या माणसाला हा खरा दाखला द्यायला टाळाटाळ करू नये, आणि न राबलेल्याला खोटा देऊ नये.

भिंत पाहिल्याशिवाय भाव नाही

फोनवर भाव सांगण्याची सवय आता वाढली आहे. ती सोडली पाहिजे. आपल्या जिल्ह्यात जुन्या पेठांतून अजूनही दगड-मातीच्या भिंतींची आणि माळवदाची दुकाने आहेत. अशा भिंतीत ओल खालून चढते. तिच्यावर प्लास्टिकचा थर चढवला की ओल आत कोंडते आणि रंग फुगून सुटतो. तेथे चुन्याचा हात जास्त टिकतो, हे गिऱ्हाइकाला आधीच सांगावे. नव्या संकुलांत अडचण उलटी असते. उद्घाटनाची तारीख ठरलेली आणि गिलावा अजून ओला. त्या घाईत केलेल्या रंगावर पांढरे क्षार उमटतात आणि दोष रंगाऱ्यावर येतो. उन्हाळ्यात बोअरचे पाणी जड आणि खारट होते. सिमेंटच्या लांबीत असे पाणी मिसळले तर हाच त्रास होतो. टँकरने चांगले पाणी आणावे लागणार असेल तर ती ओळ अंदाजपत्रकात आली पाहिजे.

जुन्या तैलरंगाच्या भिंती आणि दारे याबाबत आणखी एक सावधगिरी हवी. नोव्हेंबर २०१७ पासून घरगुती व सजावटीच्या रंगांत शिशाचे प्रमाण दशलक्ष भागांत ९० पेक्षा जास्त असण्यास देशात मनाई आहे. त्याआधीच्या थरांत ते बरेच जास्त असू शकते. असा रंग कोरडा घासला तर धूळ मजुराच्या छातीत जाते आणि त्याच्या कपड्यांवरून घरातील मुलांपर्यंत पोहोचते. तो ओला करूनच घासावा. त्याला वेळ जास्त लागतो, तेव्हा हजेऱ्याही जास्त धराव्यात.

कर, उधारी आणि टोकन

रंगावरील जीएसटी जुलै २०१८ मध्ये २८ टक्क्यांवरून १८ वर आला. ज्याची नोंदणी नाही त्याने माल करासहित किमतीनेच धरावा आणि बिलात कर लावू नये. सेवेच्या धंद्यात वर्षाची उलाढाल २० लाखांवर गेली की नोंदणी करावी लागते, आणि मालासह ठेका घेणाऱ्याच्या उलाढालीत मालाचे पैसेही मोजले जातात. वरच्यासारखी ३७ कामे वर्षात झाली की ही मर्यादा ओलांडली जाते. नोंदणी झाल्यावर पूर्ण बिलावर १८ टक्के कर आला. तेव्हा भावासमोर 'कर वेगळा' हे दोन शब्द लिहिणे फार महत्त्वाचे आहे. ५४,५४० मध्ये 'सगळे आले' असे कबूल केले तर त्यातले ८,३२० रुपये कराचे ठरतात. मालावर भरलेल्या कराची वजावट घेतली तरी ५,९०० रुपयांच्या आसपास खिशातून जातात, म्हणजे ७,११४ रुपयांच्या नफ्यातील बहुतेक भाग. बँक किंवा कंपनी बिलातून आयकराचा एक टक्का कापून घेते. ती रक्कम बुडत नाही, विवरणपत्र भरले की हिशोबात येते. मात्र पॅन दिला नाही तर कपात २० टक्क्यांची होते.

उधारीचा विचार याहून गंभीर आहे. दुकानदार उधारीवर माल देतो तेव्हा रोखीची सूट देत नाही. नाव काहीही असो, तो थांबलेल्या पैशाचा मोबदलाच असतो आणि तो आपण आपल्या बांधलेल्या भावातून भरतो. ज्यांना व्याजाच्या व्यवहारापासून दूर राहायचे आहे त्यांनी तर हा दरवाजा आधी बंद करावा. उपाय साधा आहे. माल गिऱ्हाइकाच्या पैशाने आणावा. काम सुरू होताना ४० टक्के, प्राइमर झाल्यावर ३०, इमल्शनचा पहिला हात झाल्यावर २५ आणि ताबा देताना ५ टक्के, असे हप्ते लिहून घ्यावेत. वरच्या उदाहरणात पहिल्या हप्त्याचे २१,८१६ रुपये होतात. त्यात सगळा माल येऊन सहा हजारांच्या आसपास मजुरीला उरतात.

राहिला प्रश्न टोकनचा. कंपन्या डब्यांत आणि गोण्यांत रंगाऱ्यासाठी टोकन किंवा गुण ठेवतात. आमचे मत स्पष्ट आहे. मालासह ठेका असेल तर तो फायदा ठेकेदाराचा आहे. माल गिऱ्हाइकाने स्वतः आणला असेल तर टोकनची गोष्ट त्याला सांगून मग घ्यावी. आणि टोकनसाठी गरजेपेक्षा एक डबा जास्त मागवणे ही सरळ लबाडी आहे.

तेव्हा कारागीर बांधवांना आमची विनंती एवढीच आहे. पुढचे काम येईल तेव्हा भाव लगेच सांगू नये. "उद्या सकाळी माप घेतो, संध्याकाळी कागद देतो," एवढेच म्हणावे. एक वही करावी. डाव्या पानावर आपण धरलेला माल आणि हजेऱ्या, उजव्या पानावर काम संपल्यावर प्रत्यक्ष लागलेला माल आणि हजेऱ्या. पाच-सहा कामांत आपल्या हाताचा खरा वेग कळेल आणि पुढचा भाव त्या वहीतून निघेल. एका गावातील चार ठेकेदारांनी आपापल्या वह्या समोर ठेवून बोलावे. भाव एकच ठेवण्याचा कट करू नये, पण कोणत्या भावात माणूस बुडतो हे एकमेकांना दाखवून द्यावे. आणि धंद्यात नव्याने येणाऱ्या पोरांना ब्रश धरायला शिकवतो तसाच हा हिशोबही शिकवावा.